अजून सांगा

"कुणी साधं काही सांगितलं तरी पोटात गोळा येतो. आणि मला कुणाला काही सांगायचं म्हटलं तर जीभच उचलत नाही."

हे वाक्य थोड्याफार फरकानं मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. गडहिंग्लजच्या एक शिक्षिका, इचलकरंजीतला एक यंत्रमागवाला, इथल्याच, कोल्हापुरातल्या कॉलेजातली एक मुलगी. प्रत्येकजण अशा एखाद्या मंडळातून बाहेर पडलेला, जिथं तुम्ही काय खाता, कुणाकडे जाता, पगार कुठं जातो आणि मनात काय येतं, या सगळ्याचा हिशोब देवाच्या नावानं दुसरंच कुणीतरी ठेवतं. मंडळांची नावं घेत नाही. नाव घेतलं की भांडण नावावरून सुरू होतं आणि माणूस बाजूलाच राहतो.

शशिकांत (हे खरं नाव नाही, लिहिलेलं आधी त्यांना वाचायला दिलं, "चालतंय की" म्हणाले) त्यांच्यातलेच एक. चाळिशीचे, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (जिथं वितळलेला धातू साच्यात ओतून भाग, म्हणजे कास्टिंग, बनवतात) तपासणीला. नऊ वर्षं मंडळात काढून दीड वर्षापूर्वी बाहेर पडलेले. राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा आले ते बायकोनं पाठवलं म्हणून.

दुसऱ्या भेटीला त्यांना सहाची वेळ दिली होती. आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून सात मिनिटं झालेली. मी हसतच म्हटलं, "पुढच्या वेळी जरा वेळेवर या हं." ते खुर्चीत बसता बसता पुन्हा उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं मॅडम. धन्यवाद. अजून सांगा."

अजून सांगा? मी काही सांगितलंच कुठं होतं!

त्या दोन शब्दांमागचं सगळं बाहेर यायला पुढच्या दोन भेटी लागल्या. मंडळात गुरुवारी रात्री 'आरसा' असायचा. सगळे गोल करून बसायचे, एकजण मध्ये. प्रत्येकानं "प्रेमानं सांगतो" म्हणून सुरुवात करायची आणि मधल्याचे दोष सांगायचे. मधल्यानं हात जोडून एवढंच म्हणायचं, धन्यवाद, अजून सांगा. बाजू मांडली तर अहंकार. गप्प बसलं तर कोडगेपणा. रडू आलं की म्हणायचे, आता मळ सुटाय लागला.

"आणि संपायचं कधी?"

"प्रमुख उठले की. एकदा चुलतभावाच्या लग्नात मी मोठ्यानं हसलो होतो म्हणून सुरू झालं. ते माझ्या मेलेल्या बापापर्यंत जाऊन पोचलं, मॅडम. रात्रीचा एक वाजला."

'निंदकाचं घर असावं शेजारी' ही म्हण तिथं भिंतीवर लिहिलेली होती म्हणे. म्हण चांगलीच आहे, पण त्यात निंदकाचं घर शेजारी आहे. आपल्या घराला दार आहे आणि ते लावता येतं, हे त्यात धरलेलंच आहे.

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९५४-५५ मध्ये हाँगकाँगला बसून चाळीस माणसांशी बोलून ठेवलंय. पंचवीस पाश्चात्त्य, पंधरा चिनी. सगळे चीनमधल्या कम्युनिस्ट सत्तेच्या सक्तीच्या मतपरिवर्तनाच्या, म्हणजे 'विचारसुधारणे'च्या, चरकातून निघालेले. अशा व्यवस्थांची जी लक्षणं त्यानं नोंदवली, त्यात निर्दोष शुद्धतेचा हट्ट आणि कबुलीचं स्तोम ही दोन आहेत. शशिकांतनी अर्थातच लिफ्टनचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण त्यांचा गुरुवार त्यात नेमका बसत होता. शुद्धता कधीच पुरी व्हायची नसते, म्हणून कबुलीही कधी संपत नाही.

बाहेर पडल्यावर गुरुवार संपला, सवय राहिली. साहेब एकदा सहज म्हणाले, "ह्या लॉटमध्ये जरा बघा." यांनी रात्री बसून तीन पानी माफीनामा लिहिला. साहेबांना वाटलं, माणूस राजीनामा देतोय. घरी बायको म्हणाली, "गॅसचा नंबर लावायचा राहिला नव्हं?" तर तिच्यापुढंही हात जोडलेले. आणि याची दुसरी बाजू: मोल्डिंगला आलेला नवा पोरगा ओला कोअर (आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) तसाच बसवायचा. कोअर ओला असला की धातू ओतताना वाफ आत धरते आणि ब्लो होल, म्हणजे पोकळ भोकं, पडतात, हे शशिकांतना झोपेतही ठाऊक. पण त्याला सांगायचं धाडस होईना. त्याऐवजी रोज लवकर जाऊन स्वतःच सगळे कोअर चाचपून ओले बाजूला काढायचे, आणि नजरेतनं सुटलेल्यांचं निस्तरत रात्री नऊपर्यंत थांबायचे.

"तोंड उघडलं की गुरुवारचाच आवाज येईल असं वाटतंय," ते म्हणाले.

ही भीती अगदीच खोटी नसते. काहींच्या तोंडून तो आवाज खरंच येतो. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई मंडळ सोडून तीन वर्षं झाली तरी जावेला "प्रेमानं सांगतेय" म्हणून सोलून काढतात आणि मग संध्याकाळभर रडतात. काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. आता मला कुणी काही शिकवायचं नाही, म्हणून नोकऱ्या सोडत सुटतात. वरवर तिन्ही वेगळं दिसतं. आतली समजूत एकच असते: चूक दाखवणं म्हणजे माणूस मोडणं.

आता माझी चूक. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं ती १९५५ च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके सरांमुळे ती मराठीत रुजली. तिच्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मार्क द्यायचे तर कृतीला द्या, माणसाला देऊ नका. हे मी शशिकांतना चार भेटी समजावत होते. उदाहरणं देऊन, कागदावर मांडून, माझ्या मते फार छान. ते सगळं वहीत उतरवून घ्यायचे. पाचव्या भेटीला खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, मी अजून स्वतःला मार्क देतोयच. म्हणजे ह्यातही मी कमी पडलो. अजून सांगा."

मी त्यांना नवा गुरुवार दिला होता. प्रमुखांच्या जागी मी.

सातव्या भेटीला मी वही बंद ठेवायला सांगितली. काय बोलायचं ते माझंही ठरलेलं नव्हतं. नजर त्यांच्या हातांकडे गेली. नखांत पांढरं भरलेलं.

"हे काय?"

"खडू हो. तपासताना दोष सापडला की खडूनं गोल करायचा."

"कास्टिंग केवढं असतं?"

"आता चाललंय ते पंपाची बॉडी. वीस-बावीस किलो."

"आणि गोल?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवलं. रुपयाच्या नाण्याएवढा.

"सगळ्या कास्टिंगभोवतीच का नाही काढत एकदम? सुटसुटीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते, बाईंचं काही खरं नाही, अशा नजरेनं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मग फेटलिंगच्या पोराला कळणार कसं, कुठं घासायचं ते? आणि नुसतं घासून भागणार का फेकायचा माल, ते तरी कसं कळणार?"

आणि गप्प झाले.

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकलला किका मारत होतं. गाडी काही चालू होईना. शशिकांतनी वही उघडली, पेन घेतलं आणि अख्ख्या पानाला पुरेल असा मोठा गोल काढला. त्याच्या आत, कडेला, एक बारका. दोन्हींकडे बराच वेळ बघत बसले. मोठ्यावर बोट ठेवून म्हणाले, "गुरुवारी हा काढायचे."

वीस वर्षांपूर्वीची मी असते तर लगेच एलिस काढून बसले असते. त्या दिवशी मी तोंड मिटून बसले, आणि त्याचं श्रेय मी स्वतःला देते, कुणी काही म्हणो.

पण पुढचं मला सुचलेलं नव्हतं, ते त्यांचंच. "आणि मॅडम, नुसता गोल न्हाई. टॅगवर तारीख येते, हीट नंबर येतो, म्हंजे मेटल कुठल्या वितळणीतलं ते. कोअरचं चुकलं, वाळूचं चुकलं का मेटलच थंड होतं, ते हुडकायचं असतं. कास्टिंगला कोण शिव्या देत बसतंय?"

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हाच गोल देते. कुणी काही बोललं आणि छातीत धडधडलं, तर आधी एकच विचारा: कुठं? "कुठं चुकलं, नेमकं दाखवा." ज्याला खरोखर दुरुस्ती हवी आहे तो बोट ठेवून दाखवतो. ज्याला तुम्हाला वाकवायचंय तो म्हणतो, "तुझा स्वभावच असा आहे." दुसरी खूण म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे का बघा. मला चूक दाखवणाऱ्याला मी उद्या त्याची चूक दाखवू शकते का? मंडळात प्रमुख कधी मध्ये बसले होते का, असं मी शशिकांतना विचारलं, तर त्यांना हसूच आलं.

लगेच उत्तर देऊ नका. "बघतो" हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे. त्यात कबुलीही नाही आणि भांडणही नाही. रात्र जाऊ द्या. सकाळी निम्म्या गोष्टी खऱ्या वाटतील, त्या दुरुस्त करा, उरलेल्या सोडा. "माझं चुकलं, मी असाच" यापेक्षा "दुरुस्त करतो" म्हणा, कारण पहिल्या वाक्यात काम काहीच नाही. सांगायची वेळ आली तर एका वेळी एकच सांगा, चारचौघांत नको, आणि सांगून झालं की विषय बदला. चहाचं विचारा, पावसाचं विचारा. विषय बदलणं हाच त्यातला अर्धा उपचार आहे असं माझं मत आहे. समोरच्याला कळतं की गोल तेवढाच होता.

घरच्यांसाठीही थोडं. "आम्ही तेव्हाच सांगत होतो" हे वाक्य गिळा. शशिकांतच्या मेव्हण्यानं ते दर सणाला म्हटलंय आणि दर वेळी यांची चार-सहा आठवड्यांची वाटचाल मागं गेलीय. देव सोडायला लावू नका. ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. मंडळानं यांचं जोतिबाला जाणं बंद केलं होतं. बाहेर पडल्यावर एका रविवारी तिघं डोंगरावर गेले आणि मुलीनं गुलालानं बापाला ओळखू येणार नाही असं करून सोडलं. त्यावर मी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती. मात्र झोप पार गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलत असेल, तर गोल काढत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

ओल्या कोअरचं शशिकांतनी अखेर सांगितलं. "ह्याला ओल हाय, वाळू दे." पोरगा म्हणाला, "बरं दादा," आणि शीळ घालत गेला. यांचे हात मात्र त्यानंतर अर्धा तास थरथरत होते.

शेवटच्या भेटींपैकी एक. शशिकांत पहिल्यापासून बोलताना मध्येच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. माझ्या टिपणांत तीन ठिकाणी त्याची नोंद आहे: 'टाळाटाळ', 'निसटण्याची इच्छा', आणि एकदा तर 'अधिकारी व्यक्तीची भीती'. त्या दिवशीही बघितलं. मग खिशातून मोबाइल काढला, घड्याळाकडे धरला आणि घसा साफ केला.

"मॅडम, एक सांगू?"

"सांगा ना."

"तुमचं घड्याळ सात मिनिटं पुढं हाय. पहिल्यापासनं. दुसऱ्या वेळी मी उशिरा आलो म्हणालात, तर मी उशिरा आलो नव्हतो. बरोबर सहाला आलो होतो."

घड्याळ पुढं ठेवायची आमच्या घरची जुनी खोड, तीच या खोलीतही आलेली. मी खोलीत मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवते, त्यामुळे ते किती पुढं गेलंय हे बघितलंच नव्हतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. शिवाय टिपणांतल्या त्या तीन नोंदीही आठवल्या आणि कान तापले.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "दुरुस्त करते." स्टूल ओढून घड्याळ उतरवलं, काटे मागे घेतले. आणि मग इतक्या महिन्यांची सवय म्हणा, तोंडातून निघून गेलंच, "अजून सांगा."

"न्हाई," ते म्हणाले. "एवढंच हाय."