खेळघर स्वयंपाकघराच्या हाकेवर हवं

«ताई, आम्ही नुकतंच न्यू जर्सीत घर घेतलं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. बेसमेंट चांगलं मोठं आहे, तिथे मुलांसाठी प्लेरूम करायचा विचार आहे, म्हणजे वर पसारा होणार नाही. मे महिन्यात सासूबाई आणि सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्याआधी खोली तयार व्हावी असं वाटतं. रंग, फर्निचर, खेळणी... सुरुवात कुठून करू?»

नव्या घराबद्दल मनापासून अभिनंदन! रंगाचं सावकाश बघू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती सासूबाई-सासऱ्यांची बातमी. सुरुवात तिथूनच करा. खेळायच्या खोलीत आजी-आजोबा कुठे बसणार, हे आधी ठरवा.

बेसमेंटचा मोह मला समजतो. आमच्या पहिल्या घरात आम्हीही खालीच सगळं थाटलं होतं. मऊ गालिचा, रंगीत डबे, भिंतीवर बाराखडी. आठवड्याभरात एकेक खेळणं जिना चढून वर यायला लागलं. ओट्यापाशी ठोकळे, फ्रीजसमोर आगगाडी. रोज रात्री मी टोपली भरून खाली न्यायचे आणि सकाळी सगळं पुन्हा वर. मी चिडायचे. मुलं खेळणी घेऊन माझ्या मागे मागे येत होती, हे कळायला मला वर्ष लागलं.

त्यात आपल्या मराठीचाही प्रश्न आहे. शाळेत दिवसभर इंग्रजी. मग मराठी कानावर पडणार कधी? तुम्ही फोडणी घालताना, कणीक मळताना, «अगं, तेवढी सांडशी दे» म्हणताना. जिन्याखाली, दाराआड बसलेल्या मुलांना यातलं काहीच ऐकू जात नाही. माझी मुलं खाली असली की त्यांचे बाहुल्याबाहुल्यांचे संवादसुद्धा इंग्रजीत चालायचे. वर, माझ्या पायाशी खेळताना, त्याच बाहुल्या मराठीत भांडायच्या.

तुमच्याकडे बऱ्याच घरांत स्वयंपाकघराला लागून एक वेगळी डायनिंग रूम असते, जिचं मोठं टेबल वर्षातून चार वेळा वापरलं जातं. तशी असेल तर ती मुलांना देऊन टाका. नसेल तर फॅमिली रूमचा एक कोपरा पुरे. पसारा दिसेल, पाहुण्यांना दिसला तरी हरकत नाही.

आता आजींची खुर्ची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गालिच्यावर बसता येत नाही आणि खोल, मऊ सोफ्यातून उठता येत नाही. हात असलेली, घट्ट बैठकीची, सरळ पाठीची खुर्ची घ्या. तिच्या शेजारी मुलांसाठी चौरंग ठेवा, म्हणजे मुलांचा खेळ आजींना न वाकता हाताशी येतो. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की तुमच्याकडे पाचच्या आतच अंधारतं, म्हणून खुर्चीमागे उंच दिवाही हवा. एवढं केलंत की भातुकलीतला चहा आपोआप आजींपर्यंत पोचतो. «आजी, साखर?» «अर्धा चमचा गं, मला बाधते.» आणि नात खरोखर अर्धा चमचा मोजून घालते. असे संवाद कुठल्याही विकतच्या खेळण्यातून मिळत नाहीत.

खेळणी थोडीच मांडा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा शिंपले, खडे, पानं, फुलं अशा आसपासच्या वस्तूंनाच शिक्षणाचं साधन केलं. मुलं येत नव्हती तिथे त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. तुमच्या अंगणात ओकची फळं आहेत, पाइनची बोंडं आहेत. उघड्या, बुटक्या फळीवर आठ-दहा गोष्टी ठेवा, बाकीच्या कपाटात, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करा.

गावाकडून सागरगोटे किंवा चिंचोके मागवणार असाल तर जरा थांबा. ही बियाणं आहेत. अमेरिकेत ती विमानतळावर जाहीर करावी लागतात आणि अडवलीही जाऊ शकतात. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांनी तर अधिकच जपावं. पाच गुळगुळीत खडे घेऊनही तोच खेळ होतो. मात्र मुलगा दोन वर्षांचा आहे. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. भातुकलीची झाकणं, कवड्या, सोंगट्या सगळं त्यात येतं. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा. धाकटा झोपला की ताईने आजीबरोबर काढावं. जुन्या पितळेत शिसं असू शकतं, म्हणून तोंडात घालणाऱ्या मुलाला स्टीलचीच भांडी द्या.

एक काम मात्र आजच करा. पुस्तकांचं कपाट आणि ड्रॉवरचं फर्निचर भिंतीला पट्ट्याने आवळून टाका. मूल खालचे ड्रॉवर उघडून त्यांच्यावर पायऱ्यांसारखं चढतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. आपल्याकडच्या विटांच्या भिंतीची सवय असल्याने इथे गफलत होते. अमेरिकेतली आतली भिंत बहुधा पोकळ, ड्रायवॉलची म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांची असते, नुसत्या तिच्यात मारलेला स्क्रू ओढ लागली की सुटून येतो. आतला लाकडी स्टड, म्हणजे फळ्यांमागचा उभा खांब, शोधून त्यातच स्क्रू पिळा. हे स्टड साधारण दर 16 इंचांवर असतात, शोधायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्याही काढून टाका, त्या गळ्याला फास लावतात.

बेसमेंट वाया घालवा असं मी म्हणत नाही. पण मुलं तिथे तासन्‌तास बसण्याआधी रेडॉनची तपासणी करून घ्या. हा वायू जमिनीतून येतो, त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो. चाचणीचं साहित्य दुकानात सहज मिळतं. आकडा लिटरमागे 4 पिकोक्युरी (हे किरणोत्साराचं माप, चाचणीच्या निकालावर pCi/L असं लिहिलेलं असतं) किंवा त्याहून जास्त आला तर माणूस बोलावून उपाय करायचा. ओल असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, लावा.

आणि सासरे परत जायच्या आत दिवाळी येत असेल तर बेसमेंटचा, वॉशिंग मशीनजवळचा सिमेंटचा मोकळा कोपरा त्यांना आणि नातवंडांना द्या. तिथे किल्ला करू दे! आत खोकी रचायची, जुने टॉवेल पातळ चिखलात बुडवून त्यांवर पसरायचे, डोंगर तयार. अळीव किंवा मोहरी मात्र पाच-सहा दिवस आधी पेरायला सांगा, म्हणजे वसुबारसेपर्यंत उतारावर हिरवळ येते. दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं काम धाकट्याला द्या, पण हातात लोटी नको, फवारा द्या.