उत्तर: झिरो माईलला जिओकॅशिंग करताना रक्षकाने हटकलं, परवानगी काढावी का?

ताई, मुलाला घेऊन नागपूरच्या झिरो माईलला, म्हणजे सर्वेक्षणाच्या त्या जुन्या दगडी स्तंभापाशी, जिओकॅशिंगला (अक्षांश-रेखांशावरून कोणीतरी लपवलेली डबी, म्हणजे कॅश, शोधायचा खेळ) गेलात, ॲपचा बाण घोड्यांच्या पुतळ्यांपाशी थांबला, तुम्ही चौथऱ्याच्या फटी चाचपायला लागलात आणि रक्षकाने हटकलं. पुढच्या वेळी परवानगीचं पत्र सोबत न्यावं का, असं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, शोधणाऱ्याने त्या पत्राच्या भानगडीत पडू नये. त्यापायी माझा अख्खा हिवाळा गेलाय.

ॲप, लॉगबुक (डबीतली नोंदवही), पेन यावर लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच.

मला तिथे मल्टी-कॅश (टप्प्याटप्प्याने शोधायची कॅश) लावायची होती. पुतळ्याजवळ काहीच ठेवायचं नव्हतं. १९०७ च्या सर्वेक्षणाच्या दगडावर कोरलेले आकडे आणि गावांची अंतरं वाचायची, त्यावरून पुढचे अक्षांश-रेखांश काढायचे, आणि डबी पार दुसरीकडे, ओळखीच्यांच्या कुंपणाला, त्यांना विचारून. तरी रीतसर असावं म्हणून एका कार्यालयात अर्ज दिला (नाव लिहीत नाही). सोबत नकाशा, डबीचा फोटो. बाबूंनी स्टेपलरची पिन नेमकी अक्षांशाच्या आकड्यांवर ठोकली आणि आवक क्रमांक दिला.

मग सुरू झालं. 'जागा आमच्याकडे येते भाऊ, दगड नाही येत.' दुसऱ्या खिडकीवर, 'दगडाचं राहू द्या, घोडे कोणाकडे येतात ते आधी विचारून या.' पुढे अर्ज चित्रीकरणाच्या गठ्ठ्यात गेला आणि अनामत रक्कम भरा असं पत्र घरी आलं. कॅमेरा नाही, माणसं नाहीत, चित्रीकरण कसलं? सांगायला गेलो तर साहेब मीटिंगमध्ये. तेवढ्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागलं, विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर, सगळीकडे बंदोबस्त. 'आता जानेवारीत या.' जानेवारीत टेबलावरचा माणूस बदललेला आणि फाईल गायब. नाही म्हणायचं होतं तर पहिल्याच दिवशी म्हणायचं ना! आपल्या पोरांनी तो दगड एकदा तरी वाचावा, समुद्रसपाटीपासूनची १०२०.१७१ फूट ही उंची तीन दशांश स्थळांपर्यंत कोणी आणि कशी मोजली असेल हे विचारावं, एवढीच इच्छा होती. अजून चीड येते.

असो. तुमच्या कामाचं सांगतो. आधी कॅशचा प्रकार बघा. व्हर्च्युअल असेल किंवा मल्टीचा पहिला टप्पा असेल, तर बहुतेक वेळा तिथे डबी नसतेच, उत्तर दगडावर कोरलेलं असतं. साधी कॅश असली तरी मोबाईलचा जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतो, झाडाखाली जास्तच. बाण घोड्याच्या पायाशी थांबला म्हणून डबी तिथेच आहे असं नाही. पुतळ्यावर चढणं, फटीत काडी घालणं, माती उकरणं अजिबात नको. घोडे गिलाव्याचे आहेत, एक टवका उडाला तर परत बसत नाही. आणि माझ्या मते पुतळ्याला चिकटवून डबी ठेवणाऱ्याचीच चूक जास्त. बेवारस डबी दिसली की पोलीस येणारच, आणि त्यांनी यायलाच हवं.

रक्षकाला मात्र आधी जाऊन भेटा. ॲप दाखवा, 'मुलाला दगडावरचे आकडे लिहून घ्यायचे आहेत' म्हणा. माझ्या अनुभवात कोणी नाही म्हटलं नाही, उलट एकाने स्तंभाच्या कोणत्या बाजूची अक्षरं नीट वाचता येतात ते दाखवलं. पण हा माझा अनुभव, नियम नव्हे. बंदोबस्ताच्या दिवशी ते जा म्हणाले की निघायचं, वाद घालायचा नाही.

डिसेंबरात अधिवेशन असताना तिकडे फिरकू नका, मोर्चांमुळे रस्तेही बंद असतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका, नंतर फोन तापून बंद पडतो. गाडी लावायची कटकट नको असेल तर मेट्रोने जा, झिरो माईल स्टेशन जवळच आहे. आणि मुलाला आधी तर्री पोहे खाऊ घाला, उपाशी पोरगं आकडे चुकीचे उतरवतं.

कॅशचा प्रकार कोणता दिसतोय ते इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.