आवडला म्हणजे नेमके काय आवडले?

अलीकडे पाहिलेल्या चित्रपटाविषयी घरात किंवा मित्रमंडळींत बोलताना कोणत्या अडचणी येतात, असा प्रश्न आम्ही गेल्या अंकात वाचकांना विचारला होता. आलेल्यांपैकी सहा पत्रे निवडली आहेत. वाचकांनी आत्ता पाहिलेले काही चित्रपट तसे जुने आहेत, पण पाहणाऱ्यासाठी चित्रपट पाहिला त्या दिवशी नवाच असतो. एक सूचना आधीच द्यायला हवी : पहिल्या दोन उत्तरांत 'कोर्ट' आणि 'फँड्री' यांच्या शेवटाचा उल्लेख आहे. ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी ती उत्तरे नंतर वाचावीत.

प्रश्न : गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींसह मी घरी 'कोर्ट' पाहिला. चित्रपट फार संथ आहे आणि त्यात काही घडतच नाही, असे दोघींचे मत पडले. मला तो मनापासून आवडला. पण का आवडला हे सांगायला गेले तेव्हा 'वास्तववादी आहे', 'वेगळा आहे' याखेरीज शब्द सुचले नाहीत. मला चित्रपटातले काही कळत नाही, असे समजावे का?
— एक वाचिका, कराड

उत्तर : तसे मुळीच समजू नये. आपल्याला कळले आहे. फक्त ज्या वाटेने कळले ती वाट आपण मैत्रिणींना दाखवली नाही. 'वास्तववादी' हा निष्कर्ष झाला. समोरच्याला तो तेव्हाच पटतो, जेव्हा आपण तो ज्या दृश्यांवरून काढला ती दृश्ये त्याच्यापुढे ठेवतो. म्हणून पहिल्यांदा काय दिसले आणि काय ऐकू आले ते सांगावे, आणि मत त्यानंतर सांगावे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर असा आरोप ठेवला जातो की, त्यांचे गाणे ऐकून गटारात काम करणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. एवढ्या विलक्षण आरोपाची सुनावणी कॅमेरा मात्र बहुतेक वेळ लांबून, एका जागी स्थिर राहून पाहतो. कोणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन तो आपल्याला काय वाटायला हवे ते सुचवत नाही. एका दुसऱ्या खटल्यातील महिलेने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण त्या दिवशी ऐकायला नकार देतात, आणि तेही अगदी रोजच्या कामाच्या सुरात घडते. सरकारी वकील असलेली बाई कोर्टातून निघून लोकलने घरी जाते, मुलाला सांभाळते, स्वयंपाक करते. गीतांजली कुलकर्णी यांनी ती इतकी ओळखीची करून ठेवली आहे की, तिला खलनायिका ठरवण्याची सोय आपल्याला उरत नाही. मला हा चित्रपट थोर वाटतो तो मुख्यतः या कारणासाठी.

आता मैत्रिणींच्या म्हणण्याकडे येऊ. 'संथ आहे' हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे, ते खोडून काढण्यात अर्थ नाही. त्यांना एवढेच विचारावे की, हा संथपणा कोणाच्या वाट्याला येतो. तारखांमागून तारखा पडतात, आजारी माणूस कोठडीत राहतो आणि आपणही खुर्चीत बसून कंटाळतो. शेवटाकडे उन्हाळ्याच्या सुटीसाठी न्यायालय बंद होते, दालन रिकामे होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. चित्रपट येथे संपला असे वाटते, पण तो संपत नाही. न्यायाधीश कुटुंबासह सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेतात आणि मुलांनी ओरडून जागे केल्यावर एका मुलाला चापट मारतात. अंधारानंतर हे दृश्य कशासाठी ठेवले असेल, या एका प्रश्नावर तुम्हा तिघींची एक संध्याकाळ उत्तम जाईल, आणि त्यानंतरही त्यांना चित्रपट आवडला नाही तर ते मत तितकेच मानाचे ठरेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील दहा-बारा जण महिन्यातून एकदा एकत्र चित्रपट पाहून चर्चा करतो. या वेळी गावातल्या जातिभेदावरचा 'फँड्री' पाहिला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, 'आता खेड्यांत असे काही राहिलेले नाही.' त्यावर एक तरुण सदस्य शांतपणे म्हणाला, 'आमच्या घरी हेच घडले आहे.' मग कोणीच बोलले नाही. चर्चा अर्धवट मोडली याचे मला फार वाईट वाटते. पुढच्या वेळी काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हे पत्र मी अनेकदा वाचले. आपल्याला वाईट वाटले, यावरून त्या गटाकडून अजून आशा आहे असे मला वाटते.

ज्येष्ठ सदस्यांचे वाक्य चित्रपटाविषयीचे मत नव्हते. ते समाजाविषयीचे विधान होते, आणि चित्रपटात काय आहे याची चर्चा होण्याआधीच त्याने दार लावून घेतले. तरुण सदस्याला मग स्वतःचे घर पुराव्यादाखल पुढे करावे लागले. चर्चेत कोणावर अशी पाळी येता कामा नये. ज्याच्या आयुष्याला चित्रपट भिडतो त्याने हवे तर बोलावे, हवे तर गप्प राहावे. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आधी एकच दृश्य सांगावे, तेही मत न जोडता. 'फँड्री'बाबत असे केले असते तर कोणीतरी शाळेजवळचे दृश्य नक्की सांगितले असते. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटातील जब्या हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. गावाने सांगितले म्हणून सगळे घर डुकरामागे धावते आहे, डुक्कर हाताशी आले आहे, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, घरचेही जागच्या जागी सावधान उभे राहतात आणि डुक्कर निघून जाते. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना ते शाळेच्या भिंतीजवळून जातात, आणि त्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, महात्मा फुले, सावित्रीबाई यांची चित्रे रंगवलेली आहेत. या दोन्ही जागी कोणी भाष्य करत नाही. जे आहे ते चौकटीत आहे. 'असे राहिलेले नाही' म्हणणाऱ्यालाही ही दृश्ये आपण पाहिली हे नाकारता येत नाही, आणि बोलणे सुरू करायला एवढी समाईक जमीन पुरते.

जब्याने भिरकावलेला दगड अखेरीस सरळ कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्याच दिशेने येतो. तो दगड आपल्याला लागला का, लागला तर कोठे, हे प्रत्येकाने फक्त स्वतःपुरते सांगावे. 'लोकांना', 'समाजाला', 'त्यांना' असे शब्द त्या संध्याकाळी बाजूला ठेवले तर माझ्या अनुभवाने बोलणे पुष्कळ खरे होते. आणि पुढची बैठक होण्याआधी आपण त्या तरुण सदस्याला एकदा भेटावे. चर्चा पुन्हा सुरू करण्यासाठी नव्हे, तर त्या दिवशीच्या शांततेत आपणही गप्प राहिलो एवढे सांगण्यासाठी.

प्रश्न : चित्रपट पाहून आले की मला राहवत नाही, सगळी गोष्ट शेवटासकट सांगून टाकते. घरचे रागावतात. कथा न सांगता चित्रपटाविषयी बोलायचे तरी काय?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : पुष्कळ काही. आपल्या जिल्ह्यात 'सैराट' न पाहिलेले थोडेच असतील, तरी उदाहरण त्याचेच घेऊ. शेवट न सांगता असे म्हणता येते की, अजय-अतुल यांच्या गाण्यांनी २०१६ साली चित्रपटगृहांत लोकांना नाचायला लावणाऱ्या या चित्रपटात गाणी मागे पडत जातात आणि अखेरच्या क्षणांत आवाजच उरत नाही. मध्यंतरानंतर चित्रपट गाव सोडतो तेव्हा प्रकाश, घरे, माणसांचे बोलणे सारे कसे बदलते, तेही सांगता येते. यात कथेतले काही फुटले नाही, पण ऐकणाऱ्याला कशाकडे लक्ष द्यावे ते कळले. मध्यंतरापुढची घटना सांगू नये, एवढे पथ्य मी स्वतः पाळतो. समोरच्यानेही चित्रपट पाहिला असेल तर मात्र शेवटावर बोललेच पाहिजे, नाहीतर बोलणे लुळे पडते.

प्रश्न : येथील एका मल्याळी सहकारी मैत्रिणीबरोबर मी 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' पाहिला. मी उपशीर्षके वाचत होते, ती ऐकत होती. नंतर बोलताना लक्षात आले की तिने जणू दुसराच चित्रपट पाहिला होता. माझ्या मताला मग किंमत काय?
— एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या मताला पूर्ण किंमत आहे, आणि या चित्रपटाच्या बाबतीत तर आपल्याजवळ असे काही आहे जे आपल्या मैत्रिणीजवळ नसेल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या या चित्रपटाला २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तेथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाली. मुंबईत राहणाऱ्या केरळी परिचारिका प्रभा आणि अनू यांची ही गोष्ट मुख्यतः मल्याळममध्ये आहे. पण तिच्यात हिंदी आहे आणि मराठीही आहे. एक मल्याळी डॉक्टर हिंदी बोलताना अडखळतो, आणि परक्या शहरात भाषा न येण्याचे ते ओझे कथेचाच भाग आहे. उपशीर्षकांत सगळ्या भाषा एकाच भाषेत आणि एकाच टंकात उमटतात, त्यामुळे पात्रे कोणती भाषा सोडून कोणती धरतात, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्या मैत्रिणीला ते मल्याळमपुरते ऐकू आले. प्रभाच्या बोलण्यातला संकोच, अनूच्या बोलण्यातला मोकळेपणा तिला आवाजातून कळला असणार. तो तिला विचारून घ्यावा.

आपण तिला पार्वतीविषयी सांगावे. छाया कदम यांची पार्वती रुग्णालयात स्वयंपाक करते. नवरा गेलेला, राहत्या घरावर बिल्डरची नजर, आणि त्या घरात इतकी वर्षे राहिल्याचे सिद्ध करणारा एक कागदही हाती नाही. गिरणगावातल्या चाळी जाऊन तेथे टॉवर उभे राहिलेले ज्यांनी पाहिले, किंवा आईवडिलांकडून ऐकले, त्यांना पार्वती कोण हे फोड करून सांगावे लागत नाही. ती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारतात तेव्हा त्या हसण्यात किती वर्षांचा राग आहे, हे मराठी प्रेक्षकाला चटकन उमगते. मुंबईत हरलेले माणूस कोकणात आपल्या गावी परतते, ही वाटही आपल्या घराघरांत ठाऊक आहे. रत्नागिरीकडच्या त्या किनाऱ्यावर चित्रपटाचा श्वासच बदलतो. जर्मनीतल्या नवऱ्याकडून आलेला भात शिजवण्याचा कुकर प्रभा रात्री एकटीच कवटाळून बसते, त्या दृश्याला मात्र कोणतीच भाषा लागत नाही. तेथे तुम्हा दोघींचा चित्रपट एकच होता का, हे विचारून पाहावे.

प्रश्न : मित्र प्रत्येक चित्रपटाला पाचपैकी किती तारे, असे विचारतात. काय उत्तर द्यावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आकडा सांगायला हरकत नाही, पण त्याबरोबर चित्रपटातली एक जागा सांगावी जी पुन्हा पाहावीशी वाटते, आणि एक जी खटकली. तीन तारे म्हणणाऱ्या दोघांना चित्रपटातल्या संपूर्ण वेगळ्या गोष्टी आवडलेल्या असू शकतात, आणि आकड्यातून ते कधीच बाहेर येत नाही.

प्रश्न : २००४ साली 'श्वास' पाहून मी डोळे पुसत बाहेर आलो होतो. परवा वीस वर्षांच्या मुलीबरोबर तो पुन्हा पाहिला. 'कुठे रडायचे ते संगीत सांगते आहे,' असे ती म्हणाली, आणि मला स्वतःलाही पूर्वीइतके भरून आले नाही. तेव्हाचे माझे मत चुकीचे होते का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. मताला तारीख असते आणि ती तारीख सांगून मत द्यावे. २००४ साली 'श्वास' पाहणारे आपण नुसता चित्रपट पाहत नव्हतो. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले होते, चित्रपट ऑस्करसाठी निघाला होता आणि त्या खर्चाकरिता सामान्य माणसांनी वर्गणी दिली होती. तो अभिमान आपल्या डोळ्यांतल्या पाण्यात मिसळलेला होता. तो खोटा नव्हता, पण आपल्या मुलीच्या वाट्याला तो आला नाही, आणि ती फक्त पडद्यावर जे आहे त्याविषयी बोलते आहे. तिला आपण हे सारे सांगितले पाहिजे, तिचे मत बदलावे म्हणून नव्हे, तर आपले मत कशातून आले ते तिला कळावे म्हणून.

माझेही या चित्रपटाविषयीचे मत हलले आहे. पहिल्या वेळी मला केवळ मूल दिसले होते : डोळ्याच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रिया करावीच लागणार, आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार. अलीकडे पुन्हा पाहताना मी अरुण नलावडे यांच्या आजोबांकडेच पाहत राहिलो. नातवाला ही गोष्ट आधी सांगितलीच पाहिजे असे रुग्णालयातली माणसे म्हणतात, आणि आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी ते नातवाला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतात, शहर दाखवायला. वीस वर्षांपूर्वी मी त्या निघून जाण्याकडे प्रेम म्हणून पाहिले होते. आता त्यात मला न सांगता येण्याची असह्य घालमेलही दिसते, आणि चित्रपट मला पूर्वीपेक्षा अधिक मोठा वाटतो.

संगीताविषयी आपल्या मुलीने जे म्हटले ते तपासून पाहण्याजोगे आहे. तिला ज्या प्रसंगातले संगीत खटकले, तो प्रसंग तिनेच निवडावा आणि दोघांनी एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा. मग पुन्हा आवाजासह पाहावा. त्यातून दोघांना जे वाटेल ते, मते जुळोत वा न जुळोत, आम्हाला अवश्य लिहून पाठवावे.