सव्वा लाखाच्या फिल्टरआधी तीन हजारांची तपासणी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची २०२० ची डिझेल गाडी ५८,००० किलोमीटर धावली आहे. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा महिनाभर विझत नाही आणि गाडी ओढत नाही. गॅरेजने नव्या फिल्टरचे १,२०,०००, म्हणजे जवळपास सव्वा लाख, सांगितले. दुसरा मेकॅनिक १८,००० मध्ये फिल्टरच काढून देतो म्हणतो. घरच्यांचं मत, गाडी विका आणि सहा लाखांचं कर्ज काढून पेट्रोलची घ्या. हाताशी १,८०,००० ची मुदत ठेव आहे आणि तीच मुलीच्या फीसाठी ठेवलेली आहे.

ठेव तूर्त मोडू नका. नवा फिल्टर घ्यावा लागेल, असं अजून कोणी सिद्धच केलेलं नाही.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ पैशांची नव्हतीच. रोज डिचोलीहून साखळीला शाळेत, म्हणजे एका खेपेला जेमतेम सात-आठ किलोमीटर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत हा फिल्टर असतो. तो काजळी अडवतो आणि सुमारे ६०० अंश तापला की ती जाळून टाकतो. तुमच्या खेपेत तो धड तापतही नाही, तोवर शाळा येते. जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी मध्येच बंद झाली की काजळी तशीच राहते आणि थोडं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. म्हणून आज ऑईलची काडी काढून पाहा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर ऑईल बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.

न जळणारी असते ती ऑईलची राख. पण एवढ्या धावेत राखेने फिल्टर भरून जाणं सहसा घडत नाही. तुमच्याकडे बहुतेक काजळीच आहे, आणि ती जाळता येते. तेव्हा आधी स्कॅनर लावणाऱ्या गॅरेजमध्ये दोन-तीन हजार खर्च करा. फिल्टरच्या दाबाचा सेन्सर, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) तपासून लेखी घ्या. मग तिथेच स्कॅनरवरून रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळण्याचं काम, करून घ्या. त्याने भागलं नाही, तर फिल्टर खोलून धुवून घेता येतो. हे सगळं करूनही दाब उतरला नाही, तरच नव्या फिल्टरचा विचार. इंजेक्टर गळत असताना नवा फिल्टर बसवला, तर सव्वा लाख जातील आणि काही महिन्यांत तोच दिवा पुन्हा पेटेल.

अठरा हजारांच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका. ते बेकायदेशीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उद्या गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक खाली वाकून बघेल आणि तिथेच भाव पडेल. शिवाय तो धूर शाळेच्या फाटकासमोर सुटणार, हे तुम्हाला शिक्षिका म्हणून पटणार नाही.

आता कर्ज. सहा लाख, पाच वर्षं, साडेनऊ टक्के धरले तर हप्ता सुमारे १२,६०० आणि नुसतं व्याज दीड लाखाच्या वर. म्हणजे फिल्टर टाळायला फिल्टरपेक्षा जास्त पैसे! त्यात दिवा पेटलेली गाडी विकायला काढली, की समोरचा सव्वा लाख आधी वजा करूनच बोलणार.

घरच्यांचा मुद्दा निराधार नाही, हेही सांगते. सात-आठ किलोमीटरच्या खेपांना डिझेल गाडी सोयीची नाहीच. पण ती दुरुस्त करून, अहवाल आणि बिलं दाखवून विका, आणि तीही फी भरून झाल्यावर. तोवर दर महिन्याला सात हजार आवर्ती ठेवीत टाका. दोन वर्षांत व्याज सोडूनच १,६८,००० होतील. त्यात जुन्या गाडीचे पैसे घातले, तर लहान पेट्रोल गाडीला कर्ज लागलंच तर थोडंसं लागेल.

दरम्यान पंधरवड्यातून एका रविवारी म्हापशाहून पत्रादेवीपर्यंत महामार्गावर एका वेगात अर्धा तास चालवा. ऑईल बदलताना डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच मागा आणि बिलावर त्याचा ग्रेड लिहून घ्या. तपासणीचा अहवाल आला की मला पाठवा, पुढचे आकडे त्यावरून मांडू.