पाठीवर सामान घेऊन करायच्या भटकंतीसाठी स्वस्त, हलका आणि न मिटणारा चाकू कोणता घ्यावा?

आपण इंदूरहून पचमढीला आणि मग पावसाळ्यात सह्याद्रीत जाणार आहात, खर्च बेताचा ठेवायचा आहे आणि जाड पात्याचा ‘सर्व्हायव्हल’ चाकू आपल्या मनात आहे, असे आपण लिहिले आहे. तो विचार सोडून द्यावा, असे माझे मत आहे. मुक्कामावर कांदा-टोमॅटो चिरणे, दोरी कापणे, पाकिटे फोडणे आणि क्वचित एखादी काटकी तासणे एवढेच चाकूचे काम असते, आणि ५ मिलिमीटर जाडीचे पाते कांदा चिरत नाही, फोडते.

पाते ८ ते १० सेंटिमीटर लांब, २ ते २.५ मिलिमीटर जाड आणि म्यानासह वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत, हे माप धरून चालावे. स्वीडनच्या मोरा कंपनीचा ‘कम्पॅनियन’ जवळजवळ याच मापाचा आहे. त्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, म्हणून काही जण नाक मुरडतात. पण पात्यावर दांडक्याने ठोकून लाकूड फोडायचे नसेल, तर त्याने काही बिघडत नाही, उलट वजन वाचते. तो कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पोलादांत मिळतो. कार्बनला धार लावणे सोपे असते हे खरे, परंतु लिंबू-टोमॅटोच्या रसाने त्यावर डाग पडतात आणि सह्याद्रीच्या पावसात तो पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला नाही तर लगेच गंजतो, म्हणून आपण स्टेनलेसच घ्यावा.

तेवढाही खर्च नको असेल, तर स्वयंपाकघरातला भाजी सोलायचा लहान चाकू घ्यावा आणि जाड पुठ्ठा दुमडून, चिकटपट्टी गुंडाळून त्याला म्यान करावे. दिखाऊ नसला, तरी सर्वांत हलका हाच पडतो.

कायद्याकडेही लक्ष असू द्यावे. मध्य प्रदेशात सार्वजनिक ठिकाणी ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार बाळगण्यावर निर्बंध आहेत. वरचे दोन्ही चाकू त्याहून बरेच लहान आहेत. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही. पचमढीभोवतीचे बरेचसे जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मोडते, तेव्हा तिथे फिरताना चाकू उतरण्याच्या खोलीतच ठेवावा.