टर्बो यादीत शेवटी लिही

प्रिय,

गाडी ५०० हॉर्सपॉवरची करायच्या खर्चाचा तुझा तक्ता मिळाला. पहिल्या ओळीत टर्बो, दुसरीत एक्झॉस्ट, तिसरीत बूस्ट कंट्रोलर आणि अगदी तळाला, घाईघाईत लिहिल्यासारखं, "इतर किरकोळ". तुझे पैसे कुठे संपणार हे मला तिथेच दिसलं. टर्बो ही यातली चार आण्याची कोंबडी आहे. बारा आण्यांचा मसाला तू किरकोळमध्ये टाकून मोकळा झालेला दिसतोस.

राग मानू नकोस. माझी पहिली यादी याहून वाईट होती, तिच्यात किरकोळसुद्धा नव्हतं.

सगळ्यात आधी तो ५०० चा आकडा. ५०० हॉर्सपॉवर कुठे मोजलेले? क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर, की चाकांवर? गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर वाटेत आपापला हिस्सा काढून घेतात. पंधरा टक्के गळती धरायची जुनी रीत आहे. तो काही निसर्गनियम नाही, डायनो (शक्ती मोजायचं यंत्र) बदलला की आकडाही हलतो, पण अंदाजाला पुरते. चाकांवर ५०० हवे असतील तर इंजिनाला ५९० च्या आसपास द्यावे लागतील. वरच्या या ९० घोड्यांसाठी क्लच बदलतो, इंधन फवारणारे इंजेक्टर बदलतात, कधी आतले पिस्टन आणि त्यांना जोडलेले रॉडही बदलावे लागतात. मी पुढचं सगळं क्रँकवर ५०० धरून लिहितोय. तुला चाकांवर हवे असतील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आणखी दोन वर्षं पैसे साठव.

आता पेट्रोल. इथे हिशोब सोपा आहे, पण तो कुणी कागदावर मांडत नाही. बूस्टवर, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेवर, जोरात ओढणारं पेट्रोल इंजिन एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम इंधन पितं. पाचशेला १३५ किलो झालं. लिटरमध्ये तासाला १८०, म्हणजे मिनिटाला ३ लिटर. तुझ्या इंजिनाला चार इंजेक्टर, तेव्हा एकेकाच्या वाट्याला मिनिटाला ७५० सीसी. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ऐंशीच्या आसपास थांबायचं असतं. म्हणून ९४० सीसीच्या घरातला इंजेक्टर लागेल. उद्या ई८५ वर, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावर, जायचा विचार असेल तर त्यात आणखी तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त मिळव, साडेबाराशेच्या पुढे जाशील. हे आजच ठरव, नाहीतर इंजेक्टर दोनदा घ्यावे लागतील. तुझी गाडी पोर्ट इंजेक्शनची आहे, इंधन सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेतच फवारलं जातं, हे नशीब. थेट सिलिंडरमध्ये फवारणारं डायरेक्ट इंजेक्शन असतं तर हाय प्रेशर पंपाचा वेगळा पाढा सुरू झाला असता.

पंपाचंही तसंच. खोक्यावर छापलेला प्रवाह ठरावीक दाबावर आणि ठरावीक व्होल्टेजवर मोजलेला असतो. मूळचा दाब ३ बार, त्यावर तू दीड बार बूस्ट देणार. रेल्वेच्या डब्यासारखा इंधनाचा दाबही बूस्टच्या मागोमाग वर चढतो, म्हणजे पंप साडेचार बारच्या विरुद्ध ढकलत असतो. तिथे तो खोक्यावरच्या आकड्याइतकं देत नाही. त्याचा दाबानुसार प्रवाहाचा आलेख मिळतो, तो बघूनच घे.

पंपाबद्दल इतकं सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी पंप चांगला घेतला, इंजेक्टर चांगले घेतले आणि पंपाची वायर मात्र जुनीच ठेवली. ज्या गॅरेजात काम चाललं होतं तिथे "चालतंय हो, कंपनीची वायर आहे" म्हणाले आणि मलाही तेच ऐकायचं होतं. एक जाड वायर, एक रिले, एक फ्यूज, एवढंच वाचवलं. तिसऱ्या गिअरमध्ये वर ओढताना एक बारीक कडकड ऐकू आली, डब्यात खडे हलवावेत तशी. मी तरी पाय काढला नाही. दुसऱ्या दिवशी चौथ्या सिलिंडरचा प्लग काढला तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर चांदीसारखे बारीक ठिपके होते. ते ॲल्युमिनियमचे होते. पिस्टनचे. इंजिन खोललं तेव्हा पहिल्या दोन रिंगांमधला पिस्टनचा काठ चंद्रकोरीसारखा तुटून आला होता. नंतर मोजलं तर बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट आणि पंपावर जेमतेम साडेअकरा. वर बूस्ट वाढत होता, खाली पंप दमत होता, मिश्रण लीन होत गेलं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, आणि नॉक सुरू झाला, म्हणजे मिश्रण अवेळी भडकायला लागलं. ती कडकड त्याचीच.

तो तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे.

म्हणून तुझ्या यादीत पहिल्या ओळीत वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि नॉक दिसेल असं लॉगिंग लिही. यांनी एक घोडाही वाढत नाही, आणि नेमकं म्हणूनच लोक ते पुढे ढकलतात. आपल्याला हवा-इंधनाचं प्रमाण, इंधनाचा दाब, तेलाचा दाब आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर बूस्ट वाढवणं म्हणजे डोळे मिटून जिना उतरणं.

दुसरी गोष्ट टॉर्कची, आणि इथे तुझे खरोखर पैसे वाचू शकतात. रॉड वाकतो तो घोड्यांनी नाही, सिलिंडरमधल्या दाबाने वाकतो. आणि तो दाब टॉर्कमध्ये दिसतो. ५०० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३६८ किलोवॅट. हीच शक्ती ५००० आरपीएमवर काढलीस तर टॉर्क ७०० न्यूटन मीटरच्या आसपास जातो. ७००० वर काढलीस तर ५०० न्यूटन मीटरवर भागतं. घोडे तेवढेच, पण रॉड, क्लच आणि गिअरबॉक्सवरचा मार कितीतरी कमी. चांगला ट्यूनर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बसवणारा, खालच्या आरपीएमवर बूस्ट हळूहळू चढवतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कमी ठेवतो, आणि मूळ गिअरबॉक्स बरीच वर्षं टिकतो. मग सीटला पाठ आपटल्याचा तो झटका मिळत नाही, हे खरं. त्या झटक्याची किंमत गिअरबॉक्सएवढी आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव. मात्र ७००० च्या वर हट्टाने जाऊ नकोस. आरपीएम वाढले की रॉडला ओढणारा जडत्वाचा ताण वर्गाने वाढतो आणि मग व्हॉल्व्ह स्प्रिंगही यादीत येतात.

तू टोयोटाच्या २जेझेड इंजिनाचं उदाहरण दिलंस. अमुक इतके घोडे मूळ ब्लॉकवर, वगैरे. ते इंजिन १९९१ साली आलं, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, सहा सिलिंडर, तीन लिटर. त्या काळात जपानी कंपन्या आपसांत ठरवून जाहिरातीत २८० पीएसच्या वर जात नव्हत्या, आणि काही इंजिनं आकड्याच्या मानाने भक्कम बांधलेली होती. दर इंजिनात तेवढी शिल्लक नसते. आणि तिथेही फक्त ब्लॉक टिकतो. पंप, इंजेक्टर, क्लच, टर्बो हे सगळं त्या लोकांनीही विकत घेतलेलंच असतं. ते कुणी गप्पांमध्ये सांगत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. इंटरकूलर मोठा घे, आत जाणारी हवा जेवढी थंड तेवढा नॉक लांब. प्लग एक पायरी थंड आणि गॅप थोडी कमी, नाहीतर जास्त बूस्टवर ठिणगी विझते. क्लच टॉर्कच्या आकड्यावर निवड, हॉर्सपॉवरच्या नाही. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळव, आणि तुझ्याकडे धुराचे व आवाजाचे नियम काय आहेत ते एक्झॉस्ट घेण्याआधी वाच.

ब्रेकवर मात्र थांबतो. तुझ्या यादीत ते नाहीतच. १०० च्या वेगाने ब्रेक मारण्यापेक्षा १४० ने मारताना जवळजवळ दुप्पट ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. सुरुवातीला मोठे कॅलिपर नकोत. चांगले पॅड, चांगले टायर आणि ताजा ब्रेक फ्लुइड एवढं पुरे. डॉट ४ फ्लुइड नवा असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण तो हवेतली ओल शोषतो आणि ओला झाल्यावर मानकाने मागितलेली मर्यादा फक्त १५५ अंश आहे. तुझ्या गाडीतला फ्लुइड कधी बदलला होता? तुला आठवत नसेल तर उत्तर मिळालंच.

आता पैशाची वाटणी. ही माझी रीत आहे, नियम नव्हे. तुझ्याकडे शंभर असतील तर यादी सत्तरचीच कर. उरलेले तीस वेगळ्या खात्यात ठेव आणि ते गाडीचे नाहीत असं समज. या सत्तरमधले वीस मजुरी आणि डायनोवरच्या ट्यूनिंगला. ट्यूनिंग एकदाच होतं असं धरू नकोस. इंजेक्टर बदलले की पुन्हा, टर्बो बदलला की पुन्हा. दहा बाजूला गॅस्केट, बोल्ट, होज, क्लॅम्प, ऑइल, कूलंट आणि गाडी उचलून न्यायच्या टो ट्रकसाठी. हसू नकोस, टो ट्रक लागतो. टर्बो आणि त्याचं पाइपिंग वीसच्या वर जाऊ देऊ नकोस. शेवटच्या वीसमध्ये सेन्सर, इंधन, थंडावा, क्लच आणि ब्रेक बसतात का बघ. बसत नसतील तर टर्बो लहान कर, वायर बारीक करू नकोस.

ते तीस कशाला, हे तू विचारशीलच. मूळ पिस्टन-रॉडवर दीडपटीहून जास्त शक्ती काढणार, तर ते इंजिन कधीतरी बसेल असं धरूनच चालायचं. ते बसलं त्या दिवशी तुझ्याकडे दुसऱ्या इंजिनाचे पैसे असले तर तो एक वाईट आठवडा असतो. नसले तर गाडी ताडपत्रीखाली जाते. मी अशा तीन गाड्या ओळखतो. तिघींचे टर्बो नवेकोरे होते.

पहिला टप्पा म्हणून फक्त सेन्सर, देखभाल आणि मूळ टर्बोवर चांगला मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग) एवढंच कर. सगळ्यात स्वस्त घोडे तिथेच मिळतात. मग सहा महिने चालव. मला खात्री वाटते, त्यानंतर तुझा ५०० चा आकडा थोडा खाली येईल, आणि आला तर कुणाला सांगायची गरज नाही.

आता तो वापरलेला टर्बो, ज्याचा मालक तुला रविवारपर्यंतच थांबतो म्हणाला. शाफ्ट बोटांत धरून हलव. बाजूला किंचित हलला तर हरकत नाही, साध्या बेअरिंगचा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. आत-बाहेर हलला किंवा पात्यांची टोकं घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर तिथेच परत दे. पण त्याच्याकडे जाण्याआधी स्वतःच्या इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट कर. इंजिन गरम, पंपाचा फ्यूज आणि इग्निशनची जोडणी काढलेली, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार आकडे लिहून मला शनिवारी पाठव. त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर रविवारच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांग.

तुझा,
गॅरेजवाला काका