वाचकांचे प्रश्न : ट्रॅकसाठी जुनी जर्मन सेडान कोणती घ्यावी?

प्रश्न : ऐंशी-नव्वदच्या दशकांतली एखादी जर्मन सेडान घेऊन ती केवळ ट्रॅकवर चालवण्यासाठी तयार करावी, असा माझा विचार आहे. बीएमडब्ल्यू ई३० मालिकेतील ३२५आय, मर्सिडीज १९०ई २.३-१६ आणि बीएमडब्ल्यूचीच चार दारांची ई३६ एम३ अशा तीन गाड्या मनात आहेत (ई३० आणि ई३६ ही बीएमडब्ल्यूच्या ३ मालिकेच्या पिढ्यांची सांकेतिक नावे). यांपैकी कोणती घ्यावी? आणि काम इंजिनाची ताकद वाढवण्यापासून सुरू करावे का?

उत्तर : आपली ही पहिलीच ट्रॅकची गाडी असेल, तर ३२५आय घ्यावी आणि इंजिनाला सर्वांत शेवटी हात लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ही गाडी १२०० किलोच्या आसपास भरते आणि तिचे अडीच लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन सुमारे १७० अश्वशक्ती देते. आकडा मोठा नाही. पण ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी जे वजन थांबवावे लागते आणि वळणात जे टायरांना पेलावे लागते, ते येथे कमी आहे. त्यामुळे ब्रेक आणि टायर अधिक काळ टिकतात आणि चालवणाऱ्याची चूक सावरायला गाडी थोडा अवधी देते.

तिचा एक स्वभाव मात्र आधीच समजून घ्यावा. मागचे प्रत्येक चाक एका तिरक्या दांड्यावर, म्हणजे सेमी-ट्रेलिंग आर्मवर, टांगलेले असते. वेगात वळण घेताना ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला की वजन पुढे सरकते, मागची बाजू उचलली जाते आणि या दांड्यांच्या हालचालीमुळे मागच्या चाकांचा कोन बदलून शेपूट बाहेर जाऊ लागते. दांड्यांचे आणि सबफ्रेमचे, म्हणजे ते ज्या चौकटीला जोडलेले असतात तिचे, रबरी बुश (सांध्यांतल्या गाद्या) झिजलेले असतील, तर हा दोष अधिकच जाणवतो. म्हणून नवे बुश आणि चांगले शॉक अब्सॉर्बर हा पहिल्या खर्चाचा भाग मानावा. स्टिअरिंगही संथ आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे चार फेरे. त्यावर थोडे फिटिंग करून ई३६चा स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारी दातेरी पट्टी) बसवणे हा बराच रुळलेला उपाय आहे. गाडी हाती येताच टायमिंग बेल्ट बदलावा, कारण या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

मर्सिडीजच्या बाबतीत माझे मन द्विधा होते. १९०ई २.३-१६ गाडीची मागची पाच दांड्यांची रचना ई३०पेक्षा निःसंशय पुढची आहे, चाकाचा कोन ती फार नेमका राखते. कॉसवर्थ या ब्रिटिश इंजिन कंपनीने विकसित केलेल्या सोळा व्हॉल्व्हच्या सिलिंडर हेडमुळे २.३ लिटरचे इंजिन १८५ अश्वशक्ती देते, आणि ऑगस्ट १९८३मध्ये इटलीतील नार्दो येथे या गाड्यांनी ताशी सुमारे २४८ किलोमीटरच्या सरासरी वेगाने ५०,००० किलोमीटर अंतर कापले होते. मात्र ती परीक्षा सलग वेगाची होती. दर काही सेकंदांनी ब्रेक दाबून पुन्हा वेग घेणे ही वेगळी परीक्षा आहे. शिवाय तिचा रीसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचा (आत पोलादी गोळ्या फिरणारा) स्टिअरिंग बॉक्स रॅकइतका बोलका नाही, रस्त्याची जाणीव हाताला कमी देतो, आणि मागच्या सस्पेन्शनची उंची आपोआप राखणारी हायड्रॉलिक व्यवस्था जुनी झाली की गळू लागते. शर्यतीत उतरता यावे म्हणून नियमांनुसार रस्त्यासाठी काढलेल्या या गाड्या, आणि त्याच कारणाने निघालेली ई३० एम३, आता कापून-जोडून प्रयोग करण्यासाठी नाहीत, असे मला मनापासून वाटते. १९०ई २.५-१६ इव्होल्यूशन २ तर अवघ्या ५०२ निघाल्या. अशी गाडी हाती आली, तर तिचे मूळ भाग जपून ती चालवावी.

ई३६ एम३ या तिघींमध्ये सर्वांत वेगवान आहे. युरोपात तीन लिटरचे इंजिन २८६ अश्वशक्ती देत असे, तर अमेरिकेत विकलेल्या गाडीत वेगळे, २४० अश्वशक्तीचे इंजिन होते. तेव्हा गाडी मूळ कोणत्या बाजारातील आहे हे आधी तपासावे. त्यानंतर ती लिफ्टवर चढवून मागचे ट्रेलिंग आर्म आणि सबफ्रेम जेथे बॉडीला जोडलेले असतात, तेथला पत्रा फाटला आहे का, ते दिवा धरून पाहावे. तेथे भेग दिसली, तर आधी मजबुतीचे पत्रे वेल्ड करून घ्यावेत आणि मगच टणक बुश बसवावेत, कारण टणक बुशमुळे येणारा वाढीव ताण शेवटी त्याच पत्र्यावर पडतो. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर आणि वॉटर पंपही चांगले दिसत असले तरी बदलावेत.

आता क्रमाविषयी. सुरुवात ब्रेक फ्लुइडपासून, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवापासून, करावी, इतकी साधी ही गोष्ट आहे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतील ओलावा शोषल्यानंतर प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ताजे फ्लुइड, उष्णता सोसणारे पॅड आणि डिस्कपर्यंत थंड हवा नेणाऱ्या नळ्या आधी; मग कूलिंग, बुश, टायर आणि शरीर घट्ट धरणारी सीट. एवढे झाल्यावर वर्षभर गाडी चालवावी.

प्रश्न : माझ्या ई३०मध्ये ई३६चे २४ व्हॉल्व्हचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवावे का?

उत्तर : बसते, आणि फारच छान चालते, अडीच लिटरच्या एम५० इंजिनाची १९२ अश्वशक्ती या हलक्या गाडीला पुरेशी आहे. मात्र त्यासाठी ऑइल संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) बदलावा लागतो आणि ब्रेक बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) जागा करून द्यावी लागते, हे खर्चात धरावे. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो : या इंजिनांत ऑइल पंपाच्या चक्रावरची नट दीर्घकाळ उच्च फेऱ्यांवर चालवल्यास सैल होऊ शकते. ती निघाली की ऑइलचा दाब क्षणात नाहीसा होतो आणि बेअरिंग जळतात. इंजिन बाहेर असतानाच संप उघडून ती नट तारेने बांधून घ्यावी आणि वळणात ऑइल एका बाजूला जाऊ नये म्हणून संपात आडपट्ट्या बसवाव्यात.

प्रश्न : बीएमडब्ल्यूची ई३४ पिढीतील एम५ किंवा मर्सिडीज ५००ई ट्रॅकसाठी कशी?

उत्तर : दोन्ही लांबच्या वेगवान प्रवासासाठी अप्रतिम आहेत. ५००ईच्या बांधणीचा मोठा भाग पोर्शेने केला आणि तिचे पाच लिटरचे व्ही८ इंजिन भक्कम आहे. पण दोघींचे वजन १७०० किलोच्या आसपास जाते आणि ५००ईचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिकच आहे. ट्रॅकवर पॅड आणि टायर झपाट्याने संपतील. त्यातल्या त्यात हाताने गिअर टाकता येणारी एम५ अधिक योग्य. मात्र तिच्यासाठी मोठे ब्रेक आधी घ्यावेत.